तुळईवरचा रंग

मी लेखक नाही, तरी लिहितोय, माफ करा. लातूरच्या होस्टेलच्या दारांना आज ऑइलपेंट लागला आणि त्या वासानं मुखेडचं घर आठवलं. माझ्या कॉलेजसाठी ते विकायचं होतं. नवी तुळई परवडत नव्हती, म्हणून वाळवीनं पोखरलेल्या तुळईत बाबांनी पुट्टी भरली आणि मी वरून तपकिरी रंग दिला.

घर बघायला आलेल्या गरोदर बाई वर पाहत म्हणाल्या, "इथं पाळणा टांगता येतंय का ओ?"

"टांगा की ताई. लई मजबूत हाय," बाबा म्हणाले.

रंगाचे डाग पडलेली बोटं मी पाठीमागं लपवली. तेव्हा सौदा मोडायची भीती होती. नंतर कॉलेजच्या सगळ्या वर्षांत त्या पाळण्याची वाटत राहिली.

परवा मामांनी सांगितलं, तुळई पहिल्याच पावसाळ्यात कोसळली होती. बाळ तेव्हा पाळण्यात नव्हतं, ओसरीवर आईच्या मांडीवर होतं.