डांग्या खोकल्याची स्लाइड

देवासच्या लॅबमध्ये मी आणि माझे यजमान एकत्र काम करायचो. एका सकाळी धारहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, छोटी खोकता खोकता निळी पडते रे!" छोटी म्हणजे तिची लेक, जेमतेम दीड महिन्याची, पहिली लसही व्हायची होती.

तिथल्या डॉक्टरांना डांग्या खोकल्याची शंका होती. पण औषध आधीच सुरू झालेलं, त्यामुळे कल्चरमध्ये जंतू वाढतील याचा भरवसा नव्हता. हे लगेच धारला गेले आणि बाळाच्या नाकातल्या स्रावाच्या स्लाइडा घेऊन दुपारी परतले.

"तूच कर," म्हणाले. "माझ्याकडून काहीतरी चुकेल."

मी स्लाइडवर प्रतिपिंडाचे थेंब टाकले. हे प्रतिपिंड डांग्या खोकल्याच्याच जंतूला, तो मेलेला असला तरी, चिकटतं आणि त्याला चमकणारा रंग जोडलेला असतो. जंतू नसला तर धुताना सगळं वाहून जातं. स्लाइड ओलसर डबीत झाकून ठेवली. एरवी सारखी बडबड करणारा हा माणूस तेवढा वेळ नुसता घड्याळाकडे बघत होता.

धुऊन झाल्यावर मी मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत गेले. काळ्यावर हिरवेगार, बारीक जंतू.

"अहो, आहेत."

"सरक थोडी." त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी बघून खात्री केल्यावर यांनी धारच्या डॉक्टरांना कळवलं, मग बहिणीला. "तूही कधीची खोकतेयस ना गं? डॉक्टरांना सांग. घरात सगळ्यांनाच औषध लागेल."

तिचा खोकला तोवर कुणी मनावर घेतला नव्हता. छोटी बरेच दिवस ऑक्सिजनवर होती, पण वाचली.

पुढे काही वर्षांत हेच गेले, हृदयविकाराने, अचानक. लॅबमध्ये आता जनुकांवरून जंतू ओळखणारं मशीन आहे, निकालही चांगला देतं. अंधाऱ्या खोलीत खोकी ठेवतात. कधी कधी मी उगाच तिथे जाऊन उभी राहते.

परवा धारला गेले होते. छोटी आता शाळेत जाते, मराठी अर्धीमुर्धीच बोलते. म्हणाली, "मामी, मामा बोलते कैसे थे? मतलब, आवाज कसा होता?"

मी त्यांच्यासारखं "अगं, ऐक ना" म्हणून बघितलं. जमलं नाही. नणंद स्वयंपाकघरातून म्हणाली, "वहिनी, दादा जरा नाकात बोलायचा." हात पुसत बाहेर आली, तिनेही म्हणून बघितलं. मग आम्ही दोघी आळीपाळीने तेच करत बसलो.