वायर सैल होती

"तू वायर धर. मिठागरावर पाट्या उचलता ना तुम्ही लोक? वायर काही जड व्हायची नाही."

सर हे सगळ्यांसमोर बोलले. पोरं हसली. मीही हसले. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पेणला डिप्लोमा करत होते, वर्गात एकटी मुलगी. रोह्याच्या एका कॉलेजात यंत्रांची स्पर्धा होती. आपण बनवलेल्या गाडीने जमिनीवरचे लाकडी ठोकळे उचलून उंच फळीवर ठेवायचे, वेळ संपायच्या आत. तेव्हा रिमोट कुठला? बटणांची पेटी कॅप्टनच्या हातात, पेटीपासून गाडीपर्यंत लांब वायर, आणि ती चाकात जाऊ नये म्हणून उचलून धरत मागे चालणारं एक माणूस. ते माणूस मी.

सांगाडा मात्र मीच कापला होता. माझं म्हणणं साधं होतं. गाडी बुटकी आणि रुंद ठेवू. एका वेळी एकच ठोकळा. गाडीचा हात दुमडलेला, फळीपाशी गेल्यावरच वर करायचा. वेळ जाईल, पण गाडी पडणार नाही. कॅप्टन डॉक्टरांचा मुलगा. त्याला एका फेरीत तीन ठोकळे हवे होते, हात सुरुवातीपासून वर ताठ. सर त्याच्या बाजूने. मला म्हणाले, "धाडस रक्तात असावं लागतं."

रोह्यात पहिल्याच वळणावर तीन ठोकळ्यांसकट गाडी आडवी झाली.

नियम असा होता: वायर ओढली गेल्यामुळे पडली तर पुन्हा संधी. गाडीच्याच दोषाने पडली तर बाद. परीक्षक यायच्या आत सर माझ्या कानाशी आले. "सांग, माझ्याकडून वायर ओढली गेली. म्हण, चुकलं."

शब्द जिभेवर आलाच होता. आमच्या घरात तो कायम तयार असतो. उधाणाने मिठागराचा बांध फुटला, तरी शेठने विचारायच्या आत बाबा हात जोडायचे. "चुकलं शेट." उधाण काही बाबांनी आणलेलं नसायचं. काम टिकावं म्हणून म्हणायचे. शेठला मात्र ते खरंच वाटायचं.

परीक्षकांनी विचारलं, "वायर ओढली गेली का?"

"नाय. वायर सैल होती. गाडी वरून जड हाय."

आम्ही बाद झालो. परतीच्या एसटीत कुणी माझ्याशी बोललं नाही. वडखळला उतरताना सर म्हणाले, "तुझ्यासारखीला बरोबर घेतलं, हीच आमची चूक."

चला, एक तरी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते घाबरले. "बोलायचं ना गो चुकलं म्हनून. काय जातं आपलं?"

"आपलंच जातं, बाबा."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. पण रडले नाही. तिथेच, त्यांच्यासमोर ठरवलं. पुढच्या स्पर्धेला मी माझी बुटकी गाडी घेऊन जाईन. पेटी माझ्या हातात असेल. ती गाडी पडली तर भर हॉलमध्ये सांगेन, चुकलं. दुसऱ्याच्या गाडीसाठी हा शब्द माझ्या तोंडून कुणी काढून दाखवावा.