सरूबाईनं न पाहिलेला शेवट

शहागंजाजवळच्या टॉकीजमध्ये बायांच्या बाल्कनीच्या दारावर सरूबाई होती, तोवर पेपरातल्या परीक्षणाला तिथं कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. बाया तिकिटाच्या रांगेतूनच तिला विचारायच्या, "घरच्यांना घेऊन यावं का?" ती "लई चांगला हाये" म्हणाली की दुसऱ्या दिवशी सासवा-सुना, लेकरंबाळं, सगळा गोतावळा हजर. तिनं नाक मुरडलं की खुर्च्या रिकाम्या. आपल्या शब्दाला किती वजन आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ती मिरवायचीही.

एक गोष्ट मात्र बायांना माहीत नव्हती. सरूबाईनं एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता. पुरुषांची झुंबड उडायच्या आत बायांना बाहेर काढावं लागे, म्हणून शेवटच्या रिळाला ती खाली जाऊन जिन्याचं फाटक उघडून उभी राहायची. त्यानं काही बिघडतही नव्हतं. घरगुती पिक्चरात शेवटी सगळे भेटणार नि सगळे रडणार, हे न बघताही सांगता यायचं.

मग तिच्याच गल्लीतल्या बद्रीनाथचा पिक्चर लागला. पोरानं जिवाचं रान करून काढलेला पहिलाच पिक्चर. घरातल्या घरात होणाऱ्या खुनांची गोष्ट, मारेकरी कोण ते अखेरीस कळायचं. पेपरांनी तोंडभरून कौतुक केलं. टॉकीजबाहेर फलक लागला, 'शेवट कोणालाही सांगू नका.'

पहिल्याच खेळाला सरूबाईनं पडद्यावरच्या आईला लेकाच्या दुधात चोरून पुडी सोडताना पाहिलं आणि तिचं डोकंच सणकलं. फाटक उघडायला ती तणतणतच गेली. बाया डोळे पुसत बाहेर आल्या. तिला वाटलं, आईच्या करणीनं त्यांचाही जीव हळहळलाय. त्या बिचाऱ्या फलकाला जागल्या, शेवटाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या खेळाच्या रांगेला सरूबाईनं मात्र सांगून टाकलं, "आईच लेकाला इख देती. असलं लेकरांना दावू नका."

आठवडा भरायच्या आत पिक्चर उतरला. बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत लागला आणि बजाजनगरला राहायला गेला.

पुष्कळ वर्षांनी, टॉकीज बंद पडल्यावर, तोच पिक्चर टीव्हीवर आला. सरूबाईनं तो पहिल्यांदाच पुरता पाहिला. विष चुलता देत होता. आई पुडीतून त्या विषाचा उतारा देत होती आणि तिनंच लेकाला वाचवलं. सरूबाईला स्वतःची भयंकर लाज वाटली. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती रडली.

दुसऱ्या दिवशी ती बजाजनगरला गेली. बद्रीनाथचे केस पिकले होते. तिनं पिक्चरचं नाव काढताच तो हसला.

"पेपरवाल्यांनी चांगलं लिहिलं व्हतं, मावशी. पण बायाच आल्या नाय. म्हनलं, आईचं काळीज आपल्याला कळत नाय. दुसरी गोष्ट लिहून तयार व्हती, ती चुलीत घातली."

"बायांनी तुझा पिक्चर पाडला नाय रे," सरूबाई म्हणाली. "म्या पाडला. शेवट न बघताच आईला नावं ठेवली, त्यांना येऊ दिलं नाय."

बद्रीनाथनं उठून तिच्यासाठी चहा टाकला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "ती दुसरी गोष्ट कशाची व्हती?"

त्यानं खरोखरच आठवून पाहिलं.

"आता ध्यानात नाय, मावशी," तो म्हणाला.