ग्रेडरसाहेब आणि न दिसणारा माल

"हात लावल्याशिवाय सांगत नसतो मी."

हे वाक्य न ऐकलेला माणूस आमच्या नेरच्या बसस्टँडवर शोधून सापडला नसता. दुकानातलं कापड असो, टपरीवरचं फडकं असो, नाहीतर तुमच्या अंगातला शर्ट असो, ग्रेडरसाहेब तो आधी अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळणार, डोळे मिटणार, आणि मगच तोंड उघडणार. माझ्या लग्नात त्यांनी स्टेजवर येऊन माझ्या कोटाची बाही चोळली. "मिक्स हाय," म्हणाले, आणि आहेराचं पाकीट हातात ठेवलं.

त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. म्हणजे गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, बुडातला कापूस काढायचा, बोटांनी धागा ताणायचा आणि प्रत ठरवायची. पुढे कापसाचे वाईट दिवस आले, केंद्रं एकेक करून बंद पडली आणि साहेबांना वेळेआधीच घरी बसवलं. घरी त्यांनी पडदे, चादरी, काकूंच्या साड्या असं सगळं तपासून संपवलं. शेवटी काकूंनीच वैतागून त्यांना माझ्याकडे पाठवलं. बसस्टँडसमोर माझं तीन कॉम्प्युटरचं इंटरनेटचं दुकान होतं.

"बाबू, मले ते शेअर शिकव," पहिल्याच दिवशी म्हणाले. "अन् नोकरीचं बी पाहू. दोन्ही याच डब्यात असते म्हणते."

नोकरी त्यांनी दुसऱ्या नंबरवर टाकली होती खरी, पण सारा जीव तिच्यातच अडकला होता. दोघांच्या पोटापुरतं त्यांच्याकडे होतं. सकाळी डबा घेऊन निघायला ठिकाण नव्हतं, आणि त्यावाचून हा माणूस सुकत चालला होता.

शेअरची शिकवणी सुरू झाली. सगळे पैसे एका कंपनीत टाकायचे नाहीत, फोनवर कुणी दामदुप्पट सांगितलं की फोन ठेवून द्यायचा, पासवर्ड काकूंनाही सांगायचा नाही. सगळं त्यांना पटलं. गाडी अडली ती एकाच ठिकाणी.

"हं, आता माल दाखव."

"साहेब, शेअर दिसत नसते. तो खात्यात जमा होते."

"मंग घेणारा काय चोळते?"

एका बनियानवाल्या कंपनीचा शेअर मी सुचवला. दुसऱ्या दिवशी साहेब यवतमाळला जाऊन त्या कंपनीचं कोरं बनियान घेऊन आले, माझ्या टेबलावर टराटरा उसवलं आणि धागा ताणून पाहिला. "धागा आखूड हाय. नाही घेत." महिन्याभरात तो शेअर दीडपट झाला. मी हळहळत सांगायला गेलो, तर म्हणतात, "भाव वाढला म्हून धागा लांब होते काय?" मी स्वतः त्यातले दहा गुपचूप घेतले होते, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

नोकरीच्या साइटवर कामांची लांबलचक यादी होती. हिशेबनीस, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळे होते, ग्रेडर नव्हता. मी 'इतर'वर टिचकी मारली.

"तीस वर्सं कापसात हात घातला," ते उठूनच उभे राहिले, "अन् मी इतर?"

दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "राहू दे इतर. पण त्याच्याखाली कापूस लिही."

त्यानंतर रोज अकराला दारात हजर. "आलं काय?" मी मान हलवायचो. "पाहून राह्यले असतीन," असं स्वतःलाच सांगून परत जायचे. मला त्या अकराच्या ठोक्याची धास्ती वाटू लागली होती.

आणि एक दिवस उत्तर आलं! मारेगावकडच्या एका सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याला कापूस पारखणारा माणूस हवा होता. मुलाखत कॉम्प्युटरवरच होणार होती. साहेब इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून बसले. पडद्यावर एक तरुण मॅनेजर आला. त्यानं मूठभर कापूस कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, "काका, कोणती प्रत?"

साहेबांचा हात आपोआप पुढे गेला. बोटं काचेवर दोनदा फिरली आणि थांबली. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला, म्हटलं काहीतरी ठोकून द्या.

"साहेब," ते म्हणाले, "काचेतून कापूस सांगणारा पाह्यजे असन तं दुसरा पाहा. मी खोटं सांगन, तुमचा माल फसन."

पडदा काळा झाला. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. ते उठून घरी गेले.

पाच दिवसांनी त्याच कारखान्याकडून कुरियरनं डबा आला. आत नंबर घातलेल्या कापसाच्या पाच पुड्या! साहेबांनी पंखा बंद करायला लावला. चार प्रती पटापट सांगितल्या. पाचवीवर डोळे मिटून बराच वेळ बसले. "लिही बाबू. दोन गाड्यांचा कापूस एक केला. वरचा बरा, बुडातला ओला." मी तसंच कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं, सोमवारी या.

जायच्या दिवशी ते पिशवी घेऊन दुकानात आले. "बाबू, त्या नोकरीच्या यादीतून माझं नाव काढ. कायले जागा अडवू? मांगचे पुढं सरकू दे."

नाव काढायचं बटण मला काही सापडेना. बाहेर बस उभी होती. मी दोन-चार बटणं दाबली आणि म्हटलं, "काढलं साहेब."

"माझ्या मांगं कोण होतं?"

"आपल्या नेरचेच एक. तुमच्याच वयाचे."

"हाव? मंग बरं झालं," म्हणाले आणि बसकडे पळाले. साठीच्या माणसाला मी तसं पळताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन हंगाम त्यांनी तिथं मनासारखं काम केलं. तिसऱ्या हंगामाआधी ते गेले. छातीत दुखलं आणि संपलं. काकूंना भेटून आल्यावर मी ती साइट उघडली आणि आमच्या तालुक्याची यादी पाहिली. साठीचं नाव त्यात एकच होतं, त्यांचं, माझ्याकडून न निघालेलं. त्यांच्या मागं कुणीच नव्हतं.