परतवाड्याच्या जीपमधलं पोतं

ओल्या पोत्याचा वास आला की परतवाड्याची ती जीप आठवते. शेजारचे वनरक्षक काका आमच्या संत्र्याच्या बागेत धरलेला अजगर ओल्या पोत्यात घालून मेळघाटात सोडायला निघाले होते, मीही सोबत होतो. वाटेत त्यांची मोटारसायकल बंद पडली म्हणून आम्ही भरल्या जीपमध्ये शिरलो. "पोत्यात काय हाये?" ड्रायव्हरनं विचारलं. "अजगर. झोपला हाये, त्याले उठवू नका," काका शांतपणे म्हणाले. जीप क्षणात रिकामी झाली, ड्रायव्हरही उतरला. "तू कावून उतरला बाप्पा? गाडी काय अजगर चालवंल?" काकांनी विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात सागवानचोरांना अडवताना कुऱ्हाडीच्या घावानं काका गेले. तेरवीला मी हे सांगितलं, तेव्हा काकू पदराआड हसल्या. आताही भेटल्या की आधी म्हणतात, "थे जीपवालं सांग बरं."