चौदा नंबरची अंगठी

आमच्या दुकानात तिला सगळे मापताई म्हणतात. अंगठ्यांच्या काउंटरवर तिला एकोणीस वर्षं झाली. माझं काउंटर शेजारचं, घड्याळांचं. मधे फक्त एक काचेचं कपाट, त्यामुळे इच्छा असो नसो, तिचं बोलणं मला ऐकू येतंच.

हाताकडे एक नजर टाकून ती बोटाचा नंबर सांगते. मुलगी सोबत नसली आणि मुलगा नुसताच "बारीकशी आहेत हो बोटं" म्हणत हवेत हात फिरवत असला, तर ती विचारते, "बाटलीचं झाकण ती स्वतः उघडते, की तुमच्याकडे देते?" अशा तीन-चार प्रश्नांत नंबर निघतो. माप चुकलं म्हणून अंगठी परत आल्याचं मला तरी आठवत नाही.

तिचं लग्न तीन वर्षं टिकलं. त्यालाही आता जमाना झाला. तेव्हापासून ती आई-वडिलांकडेच राहायची. आई दोन वर्षं आजारी होती, शेवटचे सात आठवडे हॉस्पिटलात. ती गेली आणि पाचव्या दिवशी मापताई कामावर हजर. मॅनेजर म्हणाले, "अहो, अजून थोडे दिवस घ्या." ती म्हणाली, "घरी बसून काय करू?" आणि मखमलीचे ट्रे पुसायला लागली.

पुढचं जवळजवळ वर्षभर ती तशीच होती. वेळेवर यायची, हसायच्या जागी हसायची, गिऱ्हाइकाला दोन जास्तीच्या अंगठ्या दाखवायची. सगळं जिथल्या तिथे, पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. मी एकदा विचारलं, "बरी आहेस ना गं?" तर म्हणाली, "हो, का? काही चुकलं का?"

आणि एका मंगळवारी दुपारी तिचे वडील दुकानात आले.

त्यांना मी ओळखत होते. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट तपासण्याची नोकरी केली. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी कुठल्याही इमारतीत आधी लिफ्टमधला तपासणीचा कागद वाचणार, तारीख उलटून गेली असेल तर जिन्याने जाणार. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मला वाटलं, लेकीचा डबा राहिला असेल. पण ते तिच्या काउंटरसमोर, एका जोडप्याच्या मागे, रांगेत उभे राहिले. मापताईने मान वर करून पाहिलं आणि जोडप्याला अंगठ्या दाखवत राहिली.

नंबर आल्यावर ते म्हणाले, "एंगेजमेंटची अंगठी बघायची होती. हिऱ्याची."

"कोणासाठी?" ती म्हणाली. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हेच विचारते, त्याच सुरात.

"शेजारच्या कॉटवाल्या काकू."

मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. या काकू म्हणजे कोण, ते मला मापताईकडूनच ठाऊक होतं. हॉस्पिटलात तिच्या आईच्या शेजारच्या कॉटवर त्यांचा नवरा होता. तो आईच्या दोन आठवडे आधी गेला. त्यानंतरही काकू येत राहिल्या, आईजवळ बसायला. म्हणायच्या, यायची सवय झालीय.

"घरी का नाही सांगितलंत?" मापताईने विचारलं.

"घरी जमेना. समोर बसलो की तू टीव्ही लावतेस." त्यांनी घसा साफ केला. "आणि घ्यायची तर तुझ्याकडूनच घेणार ना. दुसरीकडे गेलो असतो तर तुला काय वाटलं असतं?"

"काही नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "नंबर माहितीये?"

"नाही."

"चौदा. चहाचे कप धरायच्या ना त्या, दोन्ही हातांनी." तिने ट्रे काढला.

मग तिने सगळं समजावलं. हिऱ्याला पैलू कसे पाडलेत त्यावर चमक ठरते. रंग जितका कमी तितका भाव जास्त. आतला डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर त्याची फिकीर करायची नाही. वजनापेक्षा घडण बघा. हे सगळं मी हजारदा ऐकलंय, पण त्या दिवशी एकही शब्द वाढला नाही की गळला नाही. वडिलांनी भिंग मागून घेतलं. हिऱ्याच्या कडेवर कोरलेला बारीक नंबर आणि सर्टिफिकेटवरचा नंबर त्यांनी एकेक आकडा पुटपुटत दोनदा ताडून पाहिला.

"पुढची तपासणी कधी?" त्यांनी विचारलं.

"दर सहा महिन्यांनी आणायची. नखं सैल झाली तर हिरा पडतो." ही धातूची नखं हिऱ्याला धरून ठेवतात.

"म्हणजे लिफ्टसारखंच."

"हो, बाबा."

पुरुष एकटे आले की अंगठी हातात कशी दिसते ते ती स्वतःच्या बोटात घालून दाखवते. तशी तिने घातली. पेरावर अडली, तरी तिने दाबून आत सरकवली.

"जरा लांब धर," वडील म्हणाले. "हां. छान आहे. साधी आहे."

"काढते." ती ओढायला लागली. अंगठी निघेना. तिने फिरवली, परत ओढली. बोट लाल झालं.

"अगं, तुझा नंबर सोळा ना?" मी न राहवून विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "हो की."

मी मागून साबणाचं पाणी आणलं. त्याने काही झालं नाही. बोट सुजायला लागलं. मॅनेजर येऊन बघून गेले, कापायचं अवजार कुठल्या खणात आहे ते सांगून गेले. वडील मला म्हणाले, "दोरा आहे का? मजबूत पाहिजे."

गिफ्टच्या खोक्यांना बांधतो तो दोरा मी दिला. त्यांनी स्टूल ओढलं, लेकीचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, दोऱ्याचं टोक अंगठीखालून काढलं आणि पेरापर्यंत शेजारी-शेजारी घट्ट वेढे देत गेले. एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. माणूस आयुष्यभर पोलादी दोरांशी खेळलेला.

"दुखतंय?"

"नाही. बोट बधिर झालंय."

"कधीपासून?"

ते खालच्या टोकाने दोरा सोडवत गेले, तशी अंगठी सुताएवढी, सुताएवढी वर सरकत आली. पंधरा मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ ती आपल्याच हाताकडे, दुसऱ्याचं सामान बघावं तशी बघत होती.

अंगठी निघाल्यावर वडिलांनी ती रुमालाने पुसली. "हीच दे. हिची तपासणी झाली."

मला हसू फुटलं. मापताईही हसली, गिऱ्हाइकाशी हसते तेवढंच. घरच्यांना मिळते ती सूट मिळावी म्हणून तिने फॉर्म भरला. 'नाते' या रकान्यात 'वडील' लिहिलं, सही केली, डबी कागदात गुंडाळून दिली. ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल." ती म्हणाली, "काय बोलू? चांगली निवडली त्यांनी."

महिन्याभरात वडील काकूंकडे राहायला गेले. एंगेजमेंटच्या जेवणाला मापताई गेली होती. अंगठी बरोबर बसली, एवढंच तिने सांगितलं.

सहा महिने व्हायच्या आतच काकू एकट्याच दुकानात आल्या. हात काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हे म्हणाले, वेळेआधी गेलेलं बरं." मापताईने अंगठी भिंगाखाली धरली, नखं तपासली, साफ करायच्या मशीनमध्ये टाकली. मशीन घोंघावत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "काकू, आई गेली त्या संध्याकाळी मी कपडे बदलायला घरी गेले होते. तुम्ही होतात ना तिथे?"

"होते."

"तिने काही मागितलं का?"

काकूंनी जरा विचार केला. उगाच गोड करून सांगणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "पाणी मागितलं. दोन चमचे घेतलं. मग म्हणाली, डोळ्यावर उजेड येतोय. मी पडदा ओढला."

"माझं नाव?"

"नाही गं, बाळा. पडदा ओढल्यावर 'बरं वाटलं' म्हणाली."

"बरं," मापताई म्हणाली. अंगठी बाहेर काढली, कोरडी केली, काकूंच्या बोटात घालून दिली. पुढचं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाली, "या, कोणासाठी?"

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. न सांगता खाडा, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी तीन फोन केले. तिसऱ्या दिवशी सकाळी आली, नेहमीच्या वेळेला.

"होतीस कुठे?"

"झोपले होते. सकाळी डोळे उघडले, परत मिटले. एकदम संध्याकाळी पाच वाजता जाग आली."

"आणि मग?"

"मग अंडी उकडली. चार." ती ट्रेचं कुलूप उघडत होती. हात थांबवून माझ्याकडे वळली. "भूक लागली होती गं. खूप."