कोंबड्या डालायची वेळ

रात्रभर बर्फ पडला की आमच्या कोंबड्या रुसतात. सकाळी परसातल्या खुराड्याचं दार उघडावं, तर तांबडी दारापर्यंत येते, एक पाय पुढे टाकते, गार लागताच तो पोटाशी ओढून घेते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू हे सगळं मीच करून ठेवलंय. मग मी भांड्यातलं गोठलेलं पाणी फोडायचं, कोमट ओतायचं, दारापुढे पेंढा पसरायचा. तेव्हा कुठे बाईसाहेब खाली उतरणार.

आज पेंढा पसरत असतानाच आईचा फोन आला. माझी इथली सकाळ म्हणजे तिची कोकणातली तिन्हीसांज. मी कोंबड्या सोडते, तेव्हा ती डालत असते. बांबूचं मोठं डालगं उपडं घालून त्याखाली कोंबड्या झाकायच्या, म्हणजे डालायच्या. हा शब्द इथे कुणापाशी बोलणार? मी आपली नुसती कडी लावते. लहानपणी शेवटची कोंबडी डालली की आई अंगणातूनच आम्हा भावंडांना हाक मारायची. काळोखात बाहेर राहायची मुभा ना कोंबड्यांना होती, ना आम्हाला.

"झाल्या गं डालून," आई फोनवर म्हणाली. तेवढ्यात माझ्या बुटांखाली बर्फ करकरला. तो तिला ऐकू गेला असावा.

"तू अजून बाहेरच? काळोख पडला, ये बघू घरात!"

समोर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं.

मी म्हटलं, "आले गं."